भिंतीवरची शिंगे, कपाटातली बंदूक

पास्काकाळात घरोघरी जाऊन घरे आशीर्वादित करण्याची प्रथा आमच्या भागात अद्याप टिकून आहे. धर्मगुरू पवित्र जल घेऊन प्रत्येक खोलीत जातो आणि त्या निमित्ताने श्रद्धावंतांच्या संसाराची आतली बाजू त्याच्या दृष्टीस पडते. खानदेशातील, विशेषतः भुसावळच्या रेल्वे वसाहतीतील जुन्या ख्रिस्ती घरांत प्रभू येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीपासून हातभर अंतरावर सांबराची किंवा काळविटाची शिंगे टांगलेली आम्ही अनेकदा पाहिली आहेत. शिंगे भिंतीवर दिसतात. ज्या हत्याराने ती मिळवली, ते कपाटात, कापडात गुंडाळून ठेवलेले असते आणि सहसा आम्हांस दाखवले जात नाही. मात्र कुटुंबप्रमुख निवर्तला, मुलांमध्ये वाटणीची बोलणी सुरू झाली, की त्या कपाटाची किल्ली धर्मगुरूपुढे येते. "फादर, ह्या बंदुकीचे काय करायचे?" हा प्रश्न गेल्या पंचवीस वर्षांत आम्हांस पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे. आम्ही स्वतः कधी बंदूक झाडली नाही, झाडण्याची हौसही नाही. तरीही ह्या प्रश्नाने आम्हांस त्या वस्तूची बरीच माहिती करून घेणे भाग पाडले.

खानदेशाला शिकारीचा इतिहास आहे, आणि तो मोठा अभिमानास्पद आहे असे आम्हांस वाटत नाही. १८०३च्या सुमाराचा दुष्काळ, होळकरांच्या फौजांची धामधूम आणि पेंढाऱ्यांची लूट यांनी हा प्रांत ओसाड झाला, शेतांत रान माजले, आणि १८१८ साली इंग्रजांच्या हाती तो आला तेव्हा तापीच्या खोऱ्यात वाघांचा सुळसुळाट होता. पुढच्याच वर्षी, २८ एप्रिल १८१९ रोजी, जॉन स्मिथ नावाचा मद्रास पलटणीचा अधिकारी शिकारीच्या नादात हिंडता हिंडता अजिंठ्याच्या लेण्यांपाशी पोहोचला आणि दहाव्या लेण्यातील खांबावर त्याने आपले नाव कोरून ठेवले. १८२५ मध्ये जेम्स औट्रम हा अवघ्या बावीस वर्षांचा अधिकारी भिल्ल पलटण उभारण्यासाठी आला. धरणगाव हे त्या पलटणीचे ठाणे. भिल्लांचा विश्वास त्याने फौजेच्या धाकाइतकाच शिकारीच्या सोबतीने मिळवला असे त्याचे चरित्रकार लिहितात. १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत औट्रम आणि त्याच्या साथीदारांनी २३५ वाघ मारल्याची नोंद आहे. त्या यादीत अस्वले आहेत, बिबटे आहेत, रानरेडे आहेत. हरणे मात्र नाहीत. ती मोजण्याजोगी कोणास वाटली नसावीत.

मराठीत आपण ज्या सर्वांना सरसकट 'हरीण' म्हणतो त्यांत दोन वेगळी कुळे आहेत, हे आम्हांस एका शिकाऱ्यानेच शिकवले. सांबर, चितळ आणि भेकर ही खरी हरणे. त्यांच्यातील नरांची शिंगे भरीव असतात आणि ठरावीक काळाने गळून पडून पुन्हा उगवतात. नवे शिंग प्रथम मखमलीसारख्या कातडीत वाढते. काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि रोही (म्हणजे नीलगाय) यांचे कूळ गाईबकऱ्यांच्या जवळचे. त्यांचे शिंग हाडाच्या गाभ्यावर चढवलेल्या पोकळ म्यानासारखे असते व जन्मभर टिकते. भिंतीवरच्या शिंगांना फाटे असतील तर ते पहिल्या कुळातले, पीळ असेल तर काळविटाचे. त्या माणसाच्या मते एवढे ज्याला ओळखता येत नाही त्याच्या हाती बंदूक देऊ नये.

हा माणूस म्हणजे भुसावळचे एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर. मूळ घराणे गोव्याचे, पण तीन पिढ्या खानदेशात मुरलेल्या; सारी वसाहत त्यांना 'पापा' म्हणे. आम्ही नवे धर्मगुरू म्हणून त्या भागात रुजू झालो तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. दर पहिल्या शुक्रवारी त्यांना घरी कम्युनियन देण्यास आम्ही जात असू, आणि प्रार्थना आटोपली की चहाबरोबर शिकारीच्या गोष्टी सुरू होत. त्यांनी अखेरचा बार काढला तो १९७२च्या आधी. त्यानंतर बंदूक दरवर्षी साफ होई, परवान्याचे नूतनीकरण होई, पण ती घराबाहेर गेली ती केवळ निवडणुकांच्या वेळी पोलीस ठाण्यात जमा करण्यासाठी.

बंदूक निवडावी कशी, ह्यावर पापा तासभर बोलत. रेल्वेच्या माणसाला परवडे आणि परवाना मिळे ती बहुधा बारा बोअरची दुनळी. 'बारा बोअर' म्हणजे काय, तर त्या नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्या केल्या तर त्यांचे वजन एक पौंड भरते. नळीच्या मापाचा हा जुना हिशेब. नळी आतून गुळगुळीत, म्हणून तिच्यातून छर्ऱ्यांचे काडतूस उडवता येते. तित्तर, लावा यांच्यासाठी बारीक छर्रा. चितळासाठी एलजी म्हणतात तो जाड, मोजक्या दाण्यांचा छर्रा किंवा एकच गोळी. दुनळीच्या दोन नळ्या सारख्या नसतात: बहुतेक उजवी मोकळी आणि डावी तोंडाशी किंचित आवळलेली असते, त्यामुळे डावीचे छर्रे दूरवर एकत्र राहतात. तरीही जाड छर्ऱ्याचा भरवसा तीसचाळीस यार्डांपलीकडे धरू नये, असा पापांचा दंडक होता. त्यापुढे जनावर मरत नाही. जखमी होऊन झुडपात जाते आणि दोन दिवसांनी गिधाडे त्याचा ठावठिकाणा सांगतात.

रायफलीची गोष्ट निराळी. तिच्या नळीत आतून पीळ दिलेल्या खाचा असतात. गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि म्हणून सरळ जाते. ज्यांच्याजवळ पैसा असे ते ३१५ बोअरची रायफल घेत. हे माप मुद्दाम ठेवलेले. लष्कराच्या रायफलीचे माप ३०३ होते, आणि लष्करी मापाचे हत्यार खाजगी माणसास बाळगता येत नसे. म्हणून सरकारी कारखान्याने जवळजवळ त्याच यंत्राची, पण वेगळ्या काडतुसाची रायफल नागरिकांसाठी काढली. पापांना रायफलीचा मोह कधी झाला नाही. "दोनशे यार्डांवरून मारायचे, मग त्या जनावराने आपल्याला पाहिलेच नाही," असे ते म्हणत. ह्या वाक्याचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. जनावराने पाहिले काय नि न पाहिले काय, मरण ते मरणच. पण मारणाऱ्याला काहीतरी किंमत मोजावी लागली पाहिजे, असे त्यांच्या मनात असावे.

जुनी बंदूक विकत घेताना ती कशी पारखावी हेही त्यांनी आम्हांस एकदा करून दाखवले. बंदूक मोडून नळ्या उजेडाकडे धरायच्या आणि आतून पाहायचे: गंजाचे खड्डे असतील तर काळे ठिपके दिसतात, पोचा असेल तर प्रकाशाचे वर्तुळ तुटते. मग नळ्या एका बोटावर टांगून नखाने टिचकी मारायची. घंटेसारखा नाद आला तर सांधे पक्के, बद्द आवाज आला तर दोन नळ्यांमधली पट्टी कुठेतरी सुटलेली. बंदूक बंद करून, पुढचा लाकडी भाग काढून, हलवून पाहायची. बिजागरीत खुळखुळ असेल तर परत करायची. दस्ता कोपराच्या वळणात टेकवून बोट चापापर्यंत पोहोचते का पाहायचे, म्हणजे ती आपल्या मापाची आहे की नाही ते कळते. आणि नळीवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसली तर हुरळून जायचे नाही. त्या लोखंडाच्या पट्ट्या पिळून, जोडून केलेल्या जुन्या नळ्या. काळ्या दारूच्या काळातल्या. आजचे जोरदार काडतूस त्यात घातले तर नळी हाताशीच फुटण्याचा धोका. सुंदर वस्तूवर भाळून बोटे गमावलेला एक स्टेशनमास्तर त्यांच्या माहितीत होता.

ह्या बंदुका हातोहात फिरत आलेल्या असत. १९४७ नंतर अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे निघाली, तेव्हा पियानो, पलंग आणि बंदूक ह्या तीन गोष्टी विकायला निघत, असे पापा सांगत. पियानोला गिऱ्हाईक नसे. बंदुकीला असे, पण पैसे मोजून उचलून आणण्याची ती वस्तू नव्हती. घेणाऱ्याच्या परवान्यावर जागा हवी, देणाऱ्याच्या परवान्यावरून नोंद कमी व्हावी, आणि मधे परवानाधारक विक्रेता असला तर त्याच्या वहीत दोन्हीकडची सही हवी. सोबत साहित्यही जाई: कॅनव्हासची पाण्याची पिशवी, मचाण बांधण्याचा दोर, नळीला अडकवायची बॅटरी, कातड्याचा काडतूसपट्टा. त्यातला काडतूसपट्टा पापांनी कधी वापरला नाही. कमावलेल्या कातड्यातल्या आम्लाने पितळेवर हिरवा जंग चढतो, म्हणून ते काडतुसे सुती पिशवीत ठेवीत.

निगराणीच्या बाबतीत तर ते एखाद्या सॅक्रिस्टनसारखे काटेकोर होते. खानदेशचा उन्हाळा कोरडा, त्याने दस्त्याचे अक्रोडाचे लाकूड तडकते. पावसाळा दमट, त्याने नळी गंजते. लाकडाला जवसाचे तेल, तेही तळहाताने, थेंबाथेंबाने, मुरेपर्यंत चोळायचे. खानदेशात जवसाला तोटा नव्हता. नळीला आधी गजाला गुंडाळलेले कोरडे फ्लॅनेल, मग तेलाचे, मग पुन्हा कोरडे. जुन्या काडतुसांच्या टिकलीतील रसायन उडाल्यावर नळीत एक प्रकारचे मीठ मागे ठेवी. ते हवेतील ओल ओढून घेई आणि रातोरात गंज धरवी. ते तेलाने निघत नाही. म्हणून शिकारीहून आल्यावर, माणसाने चहा पिण्यापूर्वी बंदुकीला उकळते पाणी पाजायचे. नळी इतकी तापते की पाणी आपोआप वाळते, मग तेल. ठासणीच्या बंदुकीला तर हे पाणी पाहिजेच, कारण सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू आपला अर्धा-अधिक ऐवज काजळीच्या रूपाने नळीतच ठेवते. चामड्याच्या पेटीत बंदूक ठेवण्याचा दिमाख शहरी लोकांचा. पेटी ओल धरते. पापांची बंदूक जुन्या सुती धोतरात असे.

हे सारे ऐकताना आम्हांस वाटे, की मिस्साबलीनंतर चषक ज्या भक्तीने पुसला जातो, तीच भक्ती ह्या नळ्यांच्या वाट्याला यावी ही थोडी अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. आम्ही एकदा तसे बोलून दाखवले. पापांनी रागावण्याऐवजी बंदूक पुन्हा धोतरात गुंडाळली आणि म्हणाले, "फादर, घाणेरडी बंदूक जनावराला हाल करून मारते."

ख्रिस्तसभेने आम्हां धर्मगुरूंना ह्या मोहापासून पूर्वीच दूर ठेवले आहे. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने सर्व धर्मगुरूंना शिकार आणि पाखरे मारणे वर्ज्य केले. शिकारी कुत्रे आणि ससाणे पाळू नयेत असेही बजावले. १९१७च्या धर्मसंहितेतील १३८वा नियम सांगतो, की धर्मगुरूंनी शस्त्र बाळगू नये, शिकारीच्या नादी लागू नये, आणि गलबल्याची शिकार तर कधीच करू नये. सेमिनरीत हा नियम इतिहास म्हणून शिकवला गेला तेव्हा वर्गात हशा पिकला. 'गलबल्याची' आणि 'बिनगलबल्याची' अशा दोन शिकारी कशा, असे एकाने विचारले. प्राध्यापकांनी समजावले: शिंगे फुंकीत, कुत्र्यांचे कळप सोडीत, सरदारांबरोबर दौडणे ती गलबल्याची, एकट्याने, पायी, भुकेपुरती ती दुसरी. १९८३च्या संहितेत शिकारीचा नामोल्लेख नाही. आपल्या पदास न शोभणारे सर्व टाळावे एवढेच म्हटले आहे. शिकारीचे मटण खाऊ नये असे मात्र कोणत्याच संहितेने म्हटलेले आम्हांस आढळले नाही, आणि जुन्या काळच्या मिशनऱ्यांच्या आठवणी ऐकल्या तर ही मोकळीक त्यांनी वाया घालवलेली दिसत नाही.

त्याच ख्रिस्तसभेने शिकाऱ्यांना आश्रयदाते संतही दिले. संत हुबर्ट हे बेल्जममधील लिएजचे बिशप; ७२७ साली निवर्तले; ३ नोव्हेंबर हा त्यांचा सण. तरुणपणी शिकारीच्या वेडात त्यांनी शुभ शुक्रवारही पाळला नाही, आणि त्या दिवशी पाठलाग करता करता पुढचे हरीण थांबून वळले तर त्याच्या शिंगांच्या मधोमध क्रूस झळकत होता, अशी आख्यायिका आहे. खरे पाहता ही कथा आधी संत युस्टेस यांची; हुबर्टना ती कितीतरी शतकांनंतर चिकटली. युरोपात आजही त्यांच्या सणास शिकारी शिंगांच्या वाद्यवृंदात मिस्सा होते, आणि क्रूस धारण केलेले ते हरीण एका जर्मन मद्याच्या बाटलीवरही विराजमान आहे. गंमत अशी, की शिकाऱ्यांनी ज्याला आपला संत मानले त्याच्या कथेत हरीण मरतच नाही. रोममधील संत क्लेमेंट यांच्या महामंदिरातील मोझेकचित्रात क्रुसाच्या पायथ्याशी उगम पावणाऱ्या झऱ्यांवर हरणे पाणी पितात. स्तोत्र ४२ मधील तहानलेले हरीण ते हेच. पूर्वी पास्काच्या जागरणविधीत स्नानकुंडाकडे जाताना ह्याच स्तोत्रातील ओळी गाइल्या जात.

आपल्या धर्मग्रामांतील काही मुले आता अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. त्यांपैकी एकाने विस्कॉन्सिनहून आम्हांस छायाचित्र पाठवले: नोव्हेंबरचे बर्फ, भडक नारिंगी जाकीट, हातात रायफल, पायाशी पांढऱ्या शेपटीचे हरीण. खाली प्रश्न, "फादर, हे पाप तर नाही ना?" त्याच्या मागोमाग त्याच्या आईचा भुसावळहून फोन, की मुलाला समजावा. तिथे दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम असतो. लांडगे कमी झाल्याने हरणांची संख्या इतकी वाढते की ती पिके आणि रोपवन खातात, मोटारींना आडवी येतात. भडक रंगाचा कपडा कायद्याने सक्तीचा, म्हणजे एक शिकारी दुसऱ्याला हरीण समजू नये. १९३७च्या एका कायद्यान्वये बंदुका आणि काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांच्या रक्षणाकडेच वळवला जातो. आम्ही त्या आईला सांगितले, की मुलगा जिथे आहे तिथला कायदा पाळून, मारलेले खाऊन, मोजून मारीत असेल तर आम्ही त्याला कन्फेशनला पाठवणार नाही. मात्र छायाचित्रे इकडच्या तरुणांना पाठवू नकोस, असे आम्ही त्याला जरूर कळवले.

कारण इकडे ती वेळ केव्हाच टळून गेली. १९५१च्या मुंबई राज्याच्या कायद्याने शिकारीचे परवाने, मनाईचे महिने असे सारे ठरवून दिले होते. पापांच्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी ते पाळले: मादी मारायची नाही, पाडस मारायचे नाही, जखमी जनावर सोडून घरी यायचे नाही. पण त्याच काळात जीप आली, जीपवर झगझगीत दिवा आला, आणि रात्री दिपलेल्या डोळ्यांच्या कळपावर मोटारीतून बार काढणारे नवे शिकारी आले. रावेर-यावलच्या सपाटीवरची काळविटे दहापंधरा वर्षांत दिसेनाशी झाली, असे पापा सांगत. यावलचे अभयारण्य १९६९ मध्ये जाहीर झाले आणि १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९९१च्या दुरुस्तीनंतर तर हौसेच्या शिकारीचे दार पूर्णच बंद झाले. आमच्या मते ते योग्यच झाले. पापांचे मत विचारले तेव्हा ते म्हणाले, "वीस वर्षे उशिरा झाले."

पापा २००३ साली प्रभूकडे गेले. बंदूक त्यांच्या मुलाच्या नावे झाली, तोही रेल्वेतच. काही वर्षांपूर्वी तोही गेला आणि मागे राहिल्या त्याची पत्नी व दोन मुलगे. थोरला पुण्यात, सालस, आजोबांचा लाडका. त्याचे म्हणणे, बंदूक घराण्यात राहावी. धाकटा आईजवळ. मनाने वाईट नाही, पण नोकरी गेल्यापासून दारूच्या आहारी गेलेला, आणि दारूत त्याचा हात कुठे जाईल याचा नेम नसे. मिस्सानंतर आंटींनी आम्हांस बाजूला बोलावून हळूच सांगितले, "फादर, ती घरात नको. मला रात्री झोप लागत नाही." काडतुसे त्यांनी तांदळाच्या डब्यात लपवली होती, आणि तो डबा दर दोन दिवसांनी त्या नव्या जागी ठेवीत.

येथे कायद्याची माहिती कामी आली. परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नसतो. परवानाधारक वारला की ते हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. आठवण म्हणून कपाटात ठेवणे हाच गुन्हा होतो. वारसाला हवे असेल तर त्याने स्वतःच्या नावे परवाना मागावा. २०१६च्या नियमांत वारसांसाठी तशी तरतूद आहे, आणि धारक हयात असतानाही त्याने सत्तरी गाठली किंवा पंचवीस वर्षे हत्यार बाळगले असेल तर ते वारसाच्या नावे करता येते. आम्ही थोरल्याला बोलावले आणि त्याच्या आईसमोर एवढेच विचारले, की तुला बंदूक पुण्यात तुझ्या घरी, तुझ्या लेकरांच्या घरात हवी आहे, की तुझ्या आईने ती इथे सांभाळावी अशी अपेक्षा आहे? तो बराच वेळ गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे, ती धोतरात गुंडाळलेली वस्तू आणि तांदळाच्या डब्यातील काडतुसे घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. पावती घेतली. विकण्याची परवानगी मिळून ती विक्रेत्याकडे जाण्यास काही महिने लागले.

किंमत ऐकून थोरला रडवेला झाला. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच हत्यारे बाळगता येतात, नवे परवाने सहजी मिळत नाहीत, त्यामुळे जुन्या दुनळीला आता विचारतो कोण, असे विक्रेत्याचे म्हणणे. त्याने नळ्या उजेडाकडे धरून पाहिल्या, टिचकी मारली, आणि "कोणी ठेवली होती हो ही?" असे विचारले. थोरल्याने आजोबांचे नाव सांगितले. आलेल्या पैशांतून आंटींनी घरातल्या साऱ्या मृतांसाठी मिस्सा सांगितल्या. उरलेले धाकट्याच्या उपचारकेंद्राच्या फीला गेले.

शिंगांचे प्रकरण त्याहून सोपे निघाले. वन्यजीव कायद्याप्रमाणे अशा वस्तूंची घोषणा करून मालकीचा दाखला घ्यावा लागे. राहून गेलेल्यांना २००३ मध्ये सहा महिन्यांची शेवटची संधी मिळाली होती. पापांनी दाखला वेळच्या वेळी घेतला होता. तो त्यांच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात सापडला. दाखला असला तरी शिंगे विकता येत नाहीत. वारसाकडे मात्र जाऊ शकतात, आणि नको असल्यास २०२२च्या दुरुस्तीप्रमाणे विनामोबदला वनखात्याच्या स्वाधीन करता येतात. आवश्यक ते कागद करून शिंगे थोरल्याकडे गेली. ज्या वाचकांच्या भिंतीवर शिंगे आहेत पण दाखला नाही, त्यांनी ती माळ्यावर लपवू नयेत; जाणकार वकिलाला विचारून वनखात्याकडे स्वतःहून जावे, हे बरे.

रेल्वे वसाहतीतला प्रश्न हा असा, मागे उरलेल्या वस्तूंचा. सातपुड्याच्या पायथ्याशी तो अजून जिवंत आहे. रावेर तालुक्यातील आमच्या एका आदिवासी श्रद्धावंताची तीन एकर जमीन रानाला लागून आहे. मका, तूर, थोडा कापूस. रात्री रोह्यांचा कळप किंवा रानडुकरे शिरली की सकाळी वावरात खुंट उरतात. त्याच्या वडिलांजवळ पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना होता. नूतनीकरण राहून गेले, बंदूक ठाण्यात जमा झाली ती तिथेच राहिली. शेजारच्या शेतकऱ्याने कुंपणाला मोटारीच्या जोडणीवरून वीज सोडली; त्यात त्याची स्वतःचीच म्हैस मेली. असल्या तारांना चिकटून माणसेही मेलेली आपण वर्तमानपत्रांत वाचतो.

"फादर," त्याने विचारले, "रोही मारली तर पाप लागेल का?" आमच्यासमोर १९९२ची धर्मशिकवण होती: सृष्टीवरचे आपले स्वामित्व निरंकुश नाही, गरजेसाठी प्राण्यांचा उपयोग करता येतो, विनाकारण त्यांना यातना देणे वा मारणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही. २०१५च्या 'लाउदातो सी' पत्रात पोप फ्रान्सिस यांनी हेच अधिक विस्ताराने सांगितले. पण लेकरांच्या तोंडचा घास वाचवणे हे 'विनाकारण' कसे म्हणावे? आम्ही त्याला म्हणालो, की पिकाच्या रक्षणासाठी, सरकारच्या रीतसर परवानगीने मारणे पाप नाही. चोरून मारणे, फासा लावणे, वीज सोडणे ह्यात मात्र जनावराचे हाल आहेत आणि माणसाच्या जिवाला धोका आहे, म्हणून ते करू नकोस. कायद्यातही पिकाचा नाश करणाऱ्या अशा जनावरांबाबत वनाधिकाऱ्यांना परवानगी देता येते, आणि नुकसानभरपाईसाठी अर्ज करता येतो. त्याने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, "परवानगी येईपर्यंत मका उभा राहील का, फादर?"

अर्ज आम्ही लिहून दिला. पंचनामा झाला, भरपाईही मिळाली. पेरणीला पुरली नाही, बियाण्याला पुरली. बंदुकीचा परवाना पुन्हा मागावा का, यावर घरात दोन मते आहेत. त्याची बायको नको म्हणते. तिच्या माहेरी एक अपघात झाला होता. आमचेही मत तिच्या बाजूने झुकते, पण वावर आमचे नाही, हे आम्ही विसरत नाही.

गेल्या नोव्हेंबरात, मृतांच्या महिन्यातील मिस्सासाठी त्या पाड्यावर गेलो असताना, मुक्काम त्याच्याच मचाणावर केला. मचाण म्हणजे चार बल्ल्यांवर टाकलेली बाज, वर पळसाच्या पानांचे छप्पर, एका बल्लीला बांधलेला रिकामा तेलाचा डबा आणि एक काठी. मध्यरात्रीनंतर त्याने आमचा हात दाबला. चांदण्यात तुरीच्या कडेला सातआठ आकृत्या उभ्या होत्या, घोड्याएवढ्या, माना उंचावून. पुढचा नर काळसर निळा दिसत होता. तो क्षणभर थेट आमच्याकडे पाहत राहिला, आणि आम्ही दोघेही श्वास रोखून होतो. मग आमच्या यजमानाने काठी उचलली आणि डबा बडवायला सुरुवात केली. कळप वळला, बांध ओलांडून अंधारात शिरला. थोड्याच वेळात पलीकडच्या वावरातूनही डबा वाजू लागला.